हजेरी, लॅब क्रमांक तीन

निझवात सकाळी आठला आधी एसी बोलतो,
मग मी.
शमसा, रय्या, अझ्हार, थुरैया,
दोन बसमा, एक उंच, एक हसरी.
सव्वीस मुली.
आणि दाराजवळच्या रांगेत पाच मुलगे,
दुसऱ्याच्या लग्नात आल्यासारखे अंग चोरून.
पहिल्या दिवशी मी दोनदा मोजलं.
वाटलं, वर्ग चुकला.

धुळ्याला आमच्या बॅचमध्ये छप्पन्न जण, त्यात आम्ही चौघी.
एका बाकावर मावायचो.
सर 'मुलांनो' म्हणायचे, आपण त्यातच धरून घ्यायचं स्वतःला.
प्रोग्रॅम अडकला की शेजारून खुर्ची सरसरत यायची,
"सरक, मी बघतो."
चार वर्षं सरकले मी.
भिंत लागली तेव्हा कळलं, पदवी मिळाली.

एकदा विचारलं, मुलगे गेले कुठे?
एक भाऊ सैन्यात, एक पोलिसात,
एक तेलाच्या कंपनीत, फहूदच्या वाळवंटात.
"त्याला बसून राहणं जमत नाही, मिस."
आणि तुम्ही इथे का?
शमसाला मार्क होते.
उंच बसमाला आवडतं, एवढंच, तिने खांदे उडवले.
रय्याचे वडील म्हणाले होते,
खोलीत बसून करायचं काम, ऊन नाही, हात मळत नाहीत,
बायकांनाच शोभेल.

माझे वडीलही या खोलीबद्दल बोलले होते.
रात्रपाळी, यंत्रं, डोक्याला ताप,
पोरींना झेपायचं नाही.
खोली तीच. खुर्चीही बहुधा तीच.

त्या आठवड्यात मी शिकवत होते,
प्रोसेसर एक, कामं अनेक,
प्रत्येकाला थोडा वेळ द्यायचा, मग पुढचा.
थुरैया म्हणाली, "हे तर फलज."
तिचे आजोबा गावच्या कालव्याचं पाणी वाटायचे,
दिवसा सावली मोजून, रात्री तारे.
अर्ध्या तासाला म्हणतात अथर.
पाळी संपली की आपला दगड आपणच लावायचा.
मी मार्कर हातात धरून तशीच उभी.
माझे आजोबा पांझरेच्या फडावर पाटकरी होते,
तेही हेच करायचे, वहीत.
त्या वहीत आईचं नाव कधी नव्हतं, आजीचंही.
"माझ्या आजीला वारशात अर्धा अथर मिळाला,"
थुरैया म्हणाली,
आणि स्क्रीनवर तिच्या कामांना वेळ वाटत बसली.

एवढ्यावर थांबले तर खोटं होईल.
गेल्या वर्षी पहिली आलेली नौरा अजून घरीच आहे.
मस्कतला एकटीने राहायचं नाही,
निझवात जागा नाही.
मध्यरात्री कधीतरी कोड पाठवते,
"मिस, हे बरोबर आहे ना?"
बरोबर असतं.
दर वेळी बरोबर असतं.

माझी अन्विता इथल्याच भारतीय शाळेत, दहावीत.
कॉलेजपासून शाळा दोन चौक पुढे.
अकरावीच्या विषयांचा फॉर्म जेवणाच्या टेबलावर,
कोपऱ्यावर वरणाचा डाग.
"बायो घेते. कॉम्प्युटरला सगळे मुलगेच आहेत, आई,
मी एकटी काय करू?"
दोन चौक.
मी पोळी शेकत राहिले, एक करपली.

गुरुवारी तिला लॅबमध्ये आणलं,
घराची किल्ली विसरले, असं सांगून.
थुरैयाने मान वर केली, पाहिलं,
आणि खुर्चीसकट थोडी सरकली.
कुणासाठी तरी जागा करायला
खुर्ची सरकताना मी पहिल्यांदाच ऐकली.
अन्विता बसली. थोडा वेळ फोन बघितला.
मग विचारलं, "ही ओळ इथे का?"
मग विचारलं, कॅन्टीन कुठे आहे?

रात्री फॉर्म तसाच कोरा.
फक्त एका चौकटीत पेन्सिलीचा ठिपका,
टेकवून उचललेला.
मी दिवा घालवला.
विचारलं नाही.